बू मुस्लिहांची सापशिडी

बू मुस्लिहांना मदरशातून काढतील की काय, ही धास्ती मनातून जात नाही. आमच्या इंडोनेशियात बाईंना आदरानं 'बू' म्हणतात, पुरुषांना 'पाक'. त्या माझ्या मुलीला, निस्रीनाला, इस्लामी संस्कृतीचा इतिहास शिकवतात. त्या तासाला मुलं पेंगायची, म्हणून त्यांनी निवडणुकीच्या जुन्या फ्लेक्सच्या पाठीवर सापशिडी रंगवली. बगदादचं ग्रंथालय आलं की शिडी, ते जळालं की साप. आता निस्रीना जेवताना आम्हालाच प्रश्न विचारते.

काल पालकसभेत हाजी झुबैदी उठले. "मदरशात जुगार शिकवता, बू?"

"फासे नाहीत, पाक हाजी. मुलं फोडलेले चिंचोके टाकतात, तेही उत्तर बरोबर आलं तरच."

"आज चिंचोके, उद्या पत्ते."

लोक हसले. मुख्याध्यापकांनी सापशिडी कपाटात कोंडली आणि म्हणाले, "बूंच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं नंतर बघू."

हेच हाजी गावच्या रात्रगस्तीच्या चौकीत पहाटेपर्यंत डॉमिनो खेळतात, त्याला कुणी जुगार म्हणत नाही. आणि पदवीधर मी, सभेत वाटलेल्या खाऊच्या डब्यातलं तळलेलं केळं चावत गप्प बसले. याचाच संताप जास्त आहे.

पहाटेची नमाज झाली की मुख्याध्यापकांना फोन करणार आहे. सभेत बोलायचं राहिलं, ते सगळं त्यांना ऐकावं लागेल.