सासूबाईंनी ठरवलेला गायक

दीर आणि मी मिळून सातपूरला शेंगदाण्याचं तेल काढायची यंत्रं बनवतो. आमचा एक ग्राहक आफ्रिकेतल्या घाना देशाचा. त्याच्या वडिलांच्या गळ्यात गाठ निघाली, ऑपरेशन नाशिकला करायचं ठरलं, आणि हॉटेलात पथ्याचं मिळणार नाही म्हणून ते आमच्या वरच्या खोलीत राहायला आले.

ते गायक होते. गिटार, ट्रम्पेट आणि ढोलांवरचं, ऐकणाऱ्याला नाचायला लावणारं त्यांचं संगीत. त्याला हायलाइफ म्हणतात. तरुणपणी ते हॉटेलांत गायले, रेडिओवर गाजले. मग लष्कराचं राज्य आलं, संध्याकाळनंतर संचारबंदी लागली आणि नाचाची हॉटेलं बंद पडली. बँडमधले बाकीचे परदेशी गेले. हे दिवसा गाऊ लागले, अंत्यविधींना. तिकडे वयस्कर माणूस गेलं की एका शनिवारी सगळे जमतात, जेवतात, नाचतात. गाणं भिडलं की कुणीतरी उठून गायकाच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवतो. कुणीच उठलं नाही, तर गाणं वाया गेलं असं समजायचं.

हे सगळं त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. गाठ आवाजाच्या नसेला लागून होती. ती काढताना नस दुखावली, तर गाणं संपणार होतं. डॉक्टरांनी तोवर आवाज जपायला सांगितला होता.

सासूबाईंचं त्यांच्याशी जमलं. दुपारी दोघं लसूण सोलत बसायची, मी मध्ये दुभाषी. त्या रोज गाणं मागायच्या, ते रोज गळ्याकडे बोट दाखवायचे. एकदा त्या वैतागल्या. "मंग मी मेल्यावर म्हन. तव्हा तरी नाय म्हनू नको."

मी हसत इंग्रजीत सांगितलं. ते हसले नाहीत. लसूण खाली ठेवून त्यांनी मान झुकवली. त्यांच्याकडे म्हातारी माणसं आपला गायक हयातीतच ठरवून ठेवतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं?

ऑपरेशनची तारीख यायच्या आधीच सासूबाई झोपेत गेल्या. गायकबुवा त्यांच्याकडचं सुतकाचं काळं-लाल कापड पांघरून खाली आले आणि कोणता शनिवार म्हणून विचारू लागले. दुपारीच अमरधामला नेणार म्हटल्यावर ते जिन्यातच बसले. मग गायचं कधी? मी म्हटलं, ती थट्टा होती, आवाज जपा.

"थट्टा असेल," ते म्हणाले. "पण मी हो म्हटलंय. आणि नंतर जमेलच असं नाही."

आमच्याकडे तेराव्याला भजन असतं. मी डॉक्टरांना फोन केला. एकच गाणं, तेही ताण न देता, एवढी परवानगी मिळाली. दिराला पटेना.

"वहिनी, भजनात इंग्रजी गाणं? पाहुणे काय म्हणतील?"

"इंग्रजी नाही, त्यांच्या आईच्या भाषेतलं आहे. आणि पाहुणे जेवून जातील."

तेराव्याला शेवटचा अभंग झाल्यावर त्यांनी सुरुवात केली. मृदंगवाल्याने दोन ओळी नुसत्या ऐकल्या आणि ठेका धरला, मागून टाळ आले. खालच्या सुरांत जाडाभरडा वाटणारा आवाज वरच्या सुरांत गेल्यावर मोकळा व्हायचा. डॉक्टरांचं ताणाबद्दलचं सांगणं त्यांनी धाब्यावर बसवलं होतं.

गाणं संपलं. ते डोळे मिटून, चेहरा किंचित वर करून उभे राहिले. ते कशाची वाट बघताहेत हे फक्त मला कळत होतं. मी पर्स शोधू लागले. तेवढ्यात पिंपळगावहून आलेली मावशी, सासूबाईंची धाकटी बहीण, उठली. भजन झालं की सगळ्यांना बुक्का लावतात, तशी तिने वाटी घेतली आणि त्यांच्या ओल्या कपाळावर अंगठा दाबला.

"बाईला पोचलं रे बाबा," ती म्हणाली. मी भाषांतर करायला गेले, तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

तो बुक्का त्यांनी पुसला नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला नेताना नर्सने कापसाने पुसला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, पुसू द्या.

नस वाचली, पण पुरती नाही. बरेच दिवस बोलताना नुसती हवा यायची. घरी आणल्यावर एका सकाळी त्यांनी खिडकीकडे तोंड करून सूर लावून पाहिला, चढवला, तो मध्येच फाटला. पुन्हा खालून लावला. तो टिकला.

"वरचे गेले," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "अंत्यविधीला खालचे पुरतात."

मी पेजेची वाटी पुढे केली. ती गार होत होती.