कोर्टातल्या खोलीत ऐकू आलेली हाक

नजर, करणी, दृष्टांत... असलं कुणी सांगायला लागलं की मी विषय बदलणारी बाई. शाहूपुरीत चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. दिसतं तेवढंच खरं, हा माझा खाक्या. तरी हे लिहितेय, कारण त्या खोलीत मी स्वतः होते.

माझी आर्वी सहा वर्षांची. तीनची असताना तिच्या बाबांनी तिला घराखालच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये नेलं आणि कामगारांशी बोलत राहिले. तिचं बोट मागाच्या पट्ट्यात गेलं. टोक गेलं ते गेलंच. मी तिला घेऊन इचलकरंजी सोडली, कोल्हापूरला माहेरी आले. कोर्टानं भेट ठरवून दिली — दर शनिवारी अकरा ते बारा, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत, समुपदेशक मॅडमसमोर. आता तिच्या बाबांचा नवा अर्ज होता, तिला मुक्कामाला घरी नेण्याचा. माझा ठाम विरोध.

त्या शनिवारी मी दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. आर्वी बाबांबरोबर ठोकळे रचत होती. मध्येच थांबली, कुणी बोलावल्यासारखी मान वर केली.

“बाबा, आत्या न्हाणीत पडलीया.”

ते हसले. “आत्या नेसरीला हाय की गं, तिच्या घरात.”

“न्हाय! आपल्या घरात हाय. आतनं कडी हाय...”

आणि रडायलाच लागली. घराला कुलूप लावून ते आले होते. आर्वीनं आत्याला तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, फोनवरही बोलली नव्हती.

माझ्या मनात पहिलं हेच आलं — यांनीच पढवलंय. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“तू शिकवलंयस व्हय हे?”

“मी? मी कशाला शिकवू?”

“भांडू नका,” मॅडम म्हणाल्या. “आधी फोन लावा.”

आर्वीच्या बाबांनी शेडमधले कामगार सलीमभाई यांना फोन लावला. “वर जाऊन न्हाणीचं दार बघा. बंद असलं तर फोडा, मला इचारत बसू नका.” दुसऱ्या हातानं त्यांनी आर्वीला छातीशी धरलं होतं.

स्पीकरवर जिन्यावरची पावलं ऐकू आली. “मालक, भायेरचं कुलूप काढलेलं हाय!” मग न्हाणीच्या दारावर थापा. “मालक, आतनं कडी हाय!” मग दार फुटल्याचा आवाज... “आक्का पडल्यात ओ!”

मॅडम उभ्याच राहिल्या.

नणंद सकाळी, ते निघाल्यावर, न कळवता नेसरीहून आली होती. शेजाऱ्यांकडची किल्ली घेऊन आत गेली, आंघोळीला शिरली. गॅस गिझर चालू, खिडकी बंद; विषारी वायू आतच कोंडला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागली नसती.

पुढच्या तारखेला मी विरोध मागे घेतला... सगळा नाही. रविवारी दिवसा घरी न्यावं, शेडला कुलूप, गिझर न्हाणीबाहेर. मुक्काम अजून नको. “चालंल,” ते म्हणाले. आदेश तसाच झाला. आर्वीला छातीशी धरलेला तो हात मी पाहिला नसता, तर एवढंही मानलं नसतं.

नंतर आर्वीला विचारलं, “तुला कुणी सांगितलं गं?”

“आत्यानं हाक मारली की.”

नणंदेला भेटायला गेले तेव्हा तिलाही विचारलं.

“हाक कुठली मारतोय, वहिनी? तोंडातनं शब्दच फुटंना. पडता पडता आपली आर्वी तेवढी मनात आली...”

इचलकरंजी ते कोर्ट, तीसेक किलोमीटर. न मारलेली हाक माझ्या लेकीनं ऐकली. कशी, ते तिला सांगता येत नाही... आणि मलाही नाही.