मेहुण्याची घाई

तीस वर्षं रॉक बँडमध्ये गिटार वाजवून बोटांना घट्टे पडलेल्या दाजींना रेकॉर्ड कंपनीने सांगितलं, "तुमच्या आवडीची दहा गाणी निवडा, अल्बम काढू." दाजींनी दोन दिवस जुनी रेकॉर्डिंग ऐकून यादी केली, आणि गाजलेलं एकही गाणं तिच्यात घेतलं नाही.

बँडचा ड्रमर म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्यामुळेच सगळा बँड त्यांना दाजी म्हणायचा. यादी वाचून त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

"दाजी, ज्या गाण्यांत मी घाई करून ताल पुढे पळवला, नेमकी तीच उचललीत. माझी अब्रू चव्हाट्यावर मांडायची आहे का?"

"अरे शहाण्या, तू पुढे पळालास की तुला गाठायला मला जीव तोडून वाजवावं लागायचं. बाकीच्या गाण्यांत मी नुसती हजेरी लावलीय."

मेहुण्याने हेडफोन चढवले. मग त्याने दहाही गाणी मान डोलवत ऐकली आणि पेन मागितलं.

"सातवं खोडतो," तो म्हणाला. "त्यात मी चुकून बरोबर वाजवलंय."