पुराआधीची यादी

मी ग्रामसेविका म्हणून लागले त्याला तेव्हा दीड-दोन वर्षं झाली असतील. पुसदकडचं, नाल्याच्या काठचं लहानसं गाव होतं. दर उन्हाळ्यात तहसिलातून गावाच्या आपत्ती आराखड्याचा नमुना यायचा. खरं सांगते, पहिल्या वर्षी मी तो जुना पाहून उतरवला होता. जुनाही कोणीतरी दुसरीकडून उतरवला असावा, कारण त्यात आमच्या गावी नसलेल्या एका तलावाची खोली लिहिली होती.

दुसऱ्या वर्षीही तेच करायला बसले होते. तेवढ्यात अंगणवाडीची मदतनीस गळक्या पत्र्याचा अर्ज घेऊन आली. पन्नाशीची विधवा बाई, पोरगी लग्न होऊन गेलेली, घरी एकटीच. मी सहज विचारलं, "ताई, गावात म्हातारे, आजारी, अपंग किती असतील हो? अंदाजे सांगा."

"अंदाजे कायले? मानसं सांगतो ना. लिहा."

ती खुर्चीवर बसली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली आणि गावाच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. या घरात म्हातारा-म्हातारी, पोरं दोन्ही पुण्याला. पलीकडं सुनेला तिसरा महिना, पोळ्यापर्यंत ती माहेरी जाणार नाही. त्याच्या बाजूला बहिरे आजोबा, मागच्या खोलीत झोपतात. "समोरून दार ठोकून काही होत नाही म्याडम, गोठ्यातून जा लागते." खालच्या आळीत एक बाई कमरेपासून लुळी. तिला उचलायला चार माणसं लागतील, आणि खाट दारातून निघत नाही, आडवी करावी लागते.

मी लिहीत गेले. एक पान संपलं, दुसरं संपलं. ती एकदाही अडखळली नाही. कोणत्या घरचं दार नाल्याकडे उघडतं, कोणाला फिट येते, कोण पाण्याला घाबरून जागचं हलत नाही, सगळं तिच्यापाशी होतं. माझ्या कपाटात गावाची इतकी दप्तरं होती, पण त्यातल्या एकाही कागदावर हे गाव नव्हतं.

"तुम्हाला एवढं कसं माहीत?"

"रोज सकाळी लेकरं बोलवाले घरोघरी जातो. दिसते ना."

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गाव फिरले. आराखड्यात लोकांना हलवायची जागा म्हणून समाजमंदिर लिहिलं होतं. तिनं मला तिथं जाणाऱ्या वाटेवरच्या रपट्यावर, ओघळीवरच्या ठेंगण्या फरशीवर, नेऊन उभं केलं. "पानी नाल्याकून येते असं सगळ्यायले वाटते. पयले येते ते इथून, मांगून. वाट पयले बुडते, मंग घरं." मग तिनं पिठाच्या गिरणीच्या पायरीवर हात ठेवला. तिच्या लहानपणी पाणी तिथवर आलं होतं.

ग्रामसभेत मी जागा बदलून टेकडीवरची शाळा सुचवली. एक मोठा शेतकरी उसळला. "चाळीस वर्स झाले नाल्याकाठी शेती करतो. हे बाई मले नाला शिकवते का?" सरपंच उठले आणि त्या शेतकऱ्यालाच घेऊन रपट्यावर गेले. परत आल्यावर तोच म्हणाला, "शाळाच लिहा." शाळा ठरली. यादीतल्या प्रत्येक माणसामागं शेजारचे दोघं नेमले. वीज गेली तर भोंगा चालणार नाही, म्हणून डफडं ठरलं.

त्याच जुलैत ते झालं. रात्रभर पाऊस होता. सकाळी दहाच्या सुमारास वीज गेली, मोबाईलची रेंज गेली आणि रपट्यावरून पाणी वाहू लागलं. नाला अजून काठाच्या आत होता! मी धावत जाऊन डफडं वाजवायला सांगितलं.

माझ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत यादी होती. तिच्या हातात काहीच नव्हतं. घोट्याएवढ्या पाण्यातून ती पुढं आणि मी मागं. लुळ्या बाईला आधी उचलून बाहेर आणलं, खाट आडवी करून काढली आणि तिला तीवर निजवून चौघं निघाले. त्यात तो ग्रामसभेतला शेतकरीही होता, धोतर वर खोचलेला, खाटेचा एक पाय खांद्यावर घेतलेला.

शाळेत मी एकेकाला मोजलं. बहिरे आजोबा नव्हते. नेमलेले दोघं म्हणाले, गोठ्यातून आत जाऊन पाहिलं, खोली रिकामी आहे. तिनं क्षणभर डोळे मिटले.

"त्यायची म्हैस गाभन हाये. जावायाच्या वावरात बांधली हाये. तिले सोडाले गेले असतीन."

दोन जवान पोरं दोर घेऊन गेली. अर्ध्या तासानं आजोबा आले, चिखलानं माखलेले, आणि त्यांच्या पुढं म्हैस.

शाळेच्या ओट्यावरून मी खाली पाहिलं. रस्ता नव्हता, कुंपणं नव्हती. तांबडं पाणी गिरणीच्या पायरीला लागलेलं होतं. मागं वर्गखोल्यांत सारं गाव बसलेलं, लेकरं रडणारी, बाया एकमेकींना हाका मारणाऱ्या. एकही माणूस कमी नव्हता. मी तिथंच ओट्यावर बसले. ती मात्र शाळेच्या तांदळाचं पोतं उघडून खिचडीचं पाहत होती.

संध्याकाळी पाणी उतरलं. सोयाबीन गेलं होतं, काही भिंती बसल्या होत्या. पंचनाम्याला फिरताना नाल्याच्या कडेला एका घराची मागची भिंत पूर्ण आडवी झालेली दिसली. आत चुलीवर गाळ. शेजारणीला विचारलं, घर कोणाचं? तिनं सांगितलं, मदतनीस ताईचं.

मी यादी पुन्हा पाहिली. तिचं घर त्यात नव्हतं.

ती शाळेत भांडी घासत होती. मी म्हटलं, "ताई, तुम्ही स्वतःचं घर काहून नाही सांगितलं?"

"माह्या घरात मीच एकली. मले उठवाले कोन पाहिजे?" तिनं परात पालथी ठेवली. "भिंत पडली का?"

"पडली."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढचं भांडं घेतलं.