चार दिवस वाफ

निलगिरीच्या तेलाचा वास आला की मला नारायण पेठेतल्या आमच्या घरातला तो मे महिना आठवतो. कोरोनातून उठून दादा नुकताच घरी आला होता. स्टिरॉइडमुळे त्याची साखर वाढली होती, पण ताप गेला म्हणून आम्ही निर्धास्त होतो. एका सकाळी तो म्हणाला, “अगं, डावा गाल बधिर झालाय. दाढी करताना कळतच नाही.” मी म्हणाले, “सर्दी साठली असेल, वाफ घे. आता पुन्हा हॉस्पिटलचं नाव काढू नकोस.” चार दिवस मी त्याला डोक्यावर टॉवेल टाकून पातेल्यापुढे बसवलं. पाचव्या दिवशी नाकातून काळं पाणी आलं, डोळा सुजून मिटला, तेव्हा कुठे मी रिक्षा बोलावली. “काळी बुरशी आहे, डोळ्यापर्यंत पोचलीय,” डॉक्टर म्हणाले. “गाल बधिर झाला तेव्हाच का नाही आणलंत?” दुसऱ्या दिवशी त्याचा डावा डोळा आणि वरचा अर्धा जबडा काढला. दादा वाचला. आजही घरी कोणी आलं की तो अडखळत्या शब्दांत कौतुकाने सांगतो, “हिने वेळेवर नेलं, म्हणून आहे मी.” आणि मी चहा टाकायला आत जाते.