चमच्याने खाणाऱ्या बाळांनाच प्रवेश

बाळ कधी खायला लागणार, हे मी ठरवलं होतं. मी डॉक्टर नाही. चाकणजवळच्या एका वायरिंग हार्नेसच्या कंपनीत एचआर मॅनेजर आहे. बसचे रूट, कँटीनची उसळ आणि बाथरूमचे गळके नळ, एवढाच माझा अधिकार. तरीही आमच्या पाळणाघराच्या नियमांत मी एक ओळ घातली: बाळ चमच्याने खाणारं असावं. ती ओळ चूक होती आणि लिहितानाही मला ते माहीत होतं.

हार्नेस म्हणजे गाडीतल्या सगळ्या वायरींची बांधलेली जुडी. आमच्याकडे हे काम बहुतेक बायकाच करतात. बोर्ड लाइनवरून सरकत जातो, प्रत्येकीने आपापल्या वायरी बसवून टेप गुंडाळायची. एक जागेवरून उठली की पुढच्या सगळ्या हात बांधून उभ्या. एवढ्या मोठ्या कंपनीला कायद्याने पाळणाघर लागतं. शिवाय तान्ह्या बाळाच्या आईला दिवसातून दोनदा त्याला पाजायला जायची सुट्टीही द्यावी लागते. पाळणाघराचं काम भिंतीवर ससे रंगवून पूर्ण झालं. सुट्टीचं मात्र प्रॉडक्शन हेड तुपे साहेबांना सांगायची माझी छाती झाली नाही. त्यापेक्षा अंगावर पिणारं बाळ आतच घ्यायचं नाही, हे मला सोपं वाटलं. याला आमच्या भाषेत पॉलिसी म्हणतात.

मग अश्विनी गायकवाड रजेवरून परतली. मूळची लातूरकडची, निघोज्यात भाड्याच्या खोलीत राहणारी. नवरा दुसऱ्या कंपनीत शिफ्टला, घरी सांभाळायला कोणी नाही. पाय सुजले म्हणून तिची रजा बाळंतपणाच्या बरीच आधी सुरू झाली होती. त्यामुळे रजा संपली तेव्हा तिची मुलगी संघमित्रा जेमतेम साडेचार महिन्यांची होती. पाळणाघरात जागा मिळाली नाही, तर अश्विनीला नोकरी सोडावी लागणार होती.

"बाळ खातं का?" मी विचारलं.

"खायलीय की सर. वाटीभर खायलीय."

मला ते खरं वाटलं नाही. आमच्याकडे कुठलाही पार्ट ट्रायलशिवाय पास होत नाही, म्हणून मी ट्रायल मागितली. हो, बाळाची. दुसऱ्या दिवशी माझ्या केबिनमध्ये अश्विनी लेकीला मांडीवर घेऊन बसली, समोर नाचणीच्या सत्त्वाची वाटी. तुपे साहेब कसल्याशा सहीसाठी आले होते, तेही मजा बघत थांबले. अश्विनीने चमचा तोंडात घातला. पोरीने जिभेने ढकलून सगळं हनुवटीवर आणलं. अश्विनीने ते निपटून पुन्हा तोंडात घातलं. ते पुन्हा हनुवटीवर आलं.

"रिजेक्शन जास्त आहे राव," तुपे साहेब म्हणाले.

मी हसलो. अश्विनीही हसली, पण तिची नजर माझ्या पेनावर होती. थोडं तरी पोटात गेलंच असेल, अशी स्वतःची समजूत घालून मी प्रवेश मंजूर केला.

त्याच आठवड्यात पाळणाघरातल्या काकूंचा फोन आला. "साहेब, भरवताना पोरगी ठसकलीय. बिगीबिगी या."

मी धावत गेलो. संघमित्राचा चेहरा लालभडक झाला होता, ती खोकत होती आणि मधेच आवाज बंद होत होता. तो बंद आवाज मला अजून ऐकू येतो. काकू तिला पालथी धरून पाठीवर थोपटत होत्या. अश्विनी लाइन सोडून आली, बोटाला काळी टेप तशीच चिकटलेली. नशिबाने तो कंपनीच्या डॉक्टरबाईंचा दिवस होता. त्या पोचल्या तेवढ्यात पोरीने घास बाहेर टाकला आणि भोकाड पसरलं. बाईंनी तिची छाती तपासली आणि ती ठीक असल्याचं सांगितलं. मग विचारलं, "हिला खायला द्यायला कोणी सांगितलं?"

अश्विनीने मान खाली घातली. मी भिंतीवरचे ससे पाहत म्हणालो, "तशी पॉलिसी आहे."

"पॉलिसीला दात आलेत का?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला समजावलं. वरचं खाणं साधारण सहा महिन्यांनंतर, आणि तेव्हाही नुसतं कॅलेंडर बघायचं नाही. मान स्थिर हवी. टेकू दिल्यावर बाळ नीट बसायला हवं. आपल्या ताटाकडे हात न्यायला हवा. आणि तोंडात घातलेलं जिभेने बाहेर ढकलणं थांबायला हवं. ते ढकलणं म्हणजे नखरा नाही. घशात भलतं काही जाऊ नये म्हणून लहान बाळात असलेली ती सोय आहे. म्हणजे पोरगी माझ्या केबिनमध्ये स्पष्ट नाही म्हणाली होती. ऐकणारा मी होतो, एवढाच घोटाळा.

त्याच दुपारी मी तुपे साहेबांकडे गेलो. पाजायला जाणाऱ्या बाईच्या जागी उभी राहायला रिलीव्हर मागितली.

"दूध पाजायला रिलीव्हर?"

"तंबाखू थुंकायला जाणाऱ्यांना आहे की, सर."

साहेबांनी नकळत आपल्या खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "घे एक. पण लाइन थांबली तर तुला उभा करीन तिथे."

एक दिवस रिलीव्हर आली नाही आणि लाइन थांबली. मी खरंच उभा राहिलो. माझं टेपिंग क्वालिटीवाल्यांनी जसंच्या तसं परत पाठवलं. पण नियमातली ओळ गेली आणि सुट्ट्या सुरू झाल्या. अश्विनीला मी एवढंच म्हणालो की झालं ते वाईट झालं. एचआरची वाक्यं अशीच असतात, त्यात कर्ता नसतो.

संघमित्रा सहा महिन्यांची झाली, आणि एका दुपारी काकूंच्या मांडीवर बसून तिने त्यांच्या ताटातला वरणभात मुठीत धरून थेट तोंडात घातला. बाहेर काहीच आलं नाही. बाळ कधी खाणार हे बाळच ठरवतं. एचआरने फार तर हात धुवायला साबण ठेवावा.

ती बातमी सांगायला अश्विनी केबिनमध्ये आली. सांगून झालं तरी ती जाईना. मग हळूच म्हणाली, "सर, तवा मी खोटं बोलले. खात नव्हती ती. माफ करा."

मी खुर्चीतून उठलो.

"खोटं मी बोलायला लावलं, ताई. पाजायची सुट्टी तुमचा हक्क होता. मला माहीत होतं आणि मी ते तुमच्यापासून लपवलं, साहेबांना घाबरून. तुमच्या लेकीचा जीव त्यात घुसमटला. चूक माझी आहे. मला माफ करा."