गुर्देवाले सर

यवतमाळच्या मटणाच्या दुकानात दर रविवारी माझ्यापुढं एक पक्का शाकाहारी माणूस उभा असतो. हे सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. नाकाला रुमाल, हातात बर्फ भरलेला थर्मास. "आत्ताच कापला ना बे? गुर्दा ताजा पाह्यजे मले," असं खाटकाला दटावतात आणि बकऱ्याचे दोन्ही गुर्दे घेऊन स्कूटरवर पळतात. दारूनं गुर्द्याचं, म्हणजे मूत्रपिंडाचं, काम कसं बिघडतं, यावर त्यांचे प्रयोग चालू आहेत.

कुणी काहीही विचारलं, तरी त्यांचं उत्तर ठरलेलं: "जेवढं दिसलं तेवढंच बोलाव भाऊ." पाऊस पडतोय का, हेसुद्धा ते खिडकीबाहेर हात काढूनच सांगतात.

एकदा त्यांनी मला प्रयोगशाळेत नेलं. दोन नळ्यांत लाल पाणी, दोन्हींत गुर्द्याची पातळ चकती. पहिल्या नळीतल्या चकतीनं रंग ओढून घेतला होता, पाणी फिकं पडलं होतं. दुसरीत दारू मिसळलेली. तिथला रंग जसाच्या तसा. सर मिशीत हसले. "शनिवारी बसता म्हणे तुमी?"

मी घाबरून शनिवारचं पिणंच सोडलं. मित्र चिडवायचे, मी लिंबू सरबत प्यायचो.

परवा एका लग्नघरी, आदल्या संध्याकाळी गच्चीवर सर दिसले. हातात ग्लास, आणि त्यात सरबत नक्कीच नव्हतं. मी जवळजवळ ओरडलोच, "सर, अहो, तो गुर्दा?"

त्यांनी सावकाश एक घोट घेतला.

"थो बकऱ्याचा होता भाऊ. माणसाचा मी कुठी पाह्यला अजून?"